कोंबडीचे गणगोत

मनुष्याने ज्या पशुपक्ष्यांना आपल्या आश्रयास घेतले त्यांपैकी गाईला पावित्र्य लाभले, कुत्र्याला इमानाची कीर्ती मिळाली, घोड्याच्या वाट्याला दरबारी मान आला, आणि मांजरालाही निदान धूर्तपणाचा लौकिक चिकटला. कोंबडीच्या वाट्याला मात्र जमाखर्च तेवढा आला. वर्षाकाठी अंडी किती, खाद्य किती, वजन किती आणि दर काय, एवढ्यात तिचे सारे चरित्र आटोपते. आणि ज्या घराच्या परसात ती पिढ्यान्‌पिढ्या उकिरडा उकरीत आली त्या घरातील माणसांनाही तिच्याविषयी आणखी काही सांगण्याजोगे असेल असे सहसा वाटत नाही. आपल्या भाषेतील एका प्रसिद्ध म्हणीत कोंबडे येते तेसुद्धा झाकून ठेवण्यापुरते. उजाडण्याचे श्रेय सूर्याला जाते आणि म्हणीचे तात्पर्य माणसाला.

कोंबडीला देवत्व द्यावे किंवा तिच्या नावाने अश्रू ढाळावेत असा माझा आग्रह नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, कोंबडी एकटीदुकटी समजता येत नाही. तिच्यामागे एक समाज उभा असतो, त्या समाजाला स्वतःचा शिरस्ता असतो, इशाऱ्यांची भाषा असते, मानापमान असतात, आणि नव्या पिढीला शहाणे करून सोडण्याची रीतही असते. म्हणून जो कोणी कोंबड्या पाळतो, मग तो परसात चार पक्षी बाळगणारा शेतकरी असो, लक्षावधी पक्ष्यांचा कारखानदार असो, किंवा अनुदानाने पक्ष्यांचे गट वाटणारे सरकारी खाते असो, त्याने पक्ष्यांबरोबर त्यांच्या या समाजाचीही तजवीज केली पाहिजे. ती आज कोणीच करीत नाही, आणि त्यात पक्ष्यांचे नुकसान आहे तसेच आपलेही आहे.

प्राचीनांची दृष्टी या बाबतीत आपल्याहून तीक्ष्ण होती असे म्हणावे लागते. चाणक्याच्या नावावर चालत आलेल्या नीतिसंग्रहात निरनिराळ्या प्राण्यांपासून शिकण्याजोगे गुण सांगताना कुक्कुटाच्या खाती चार गुण मांडले आहेत: वेळेवर जागे होणे, लढण्यास सिद्ध असणे, आप्तस्वकीयांत वाटून घेणे, आणि स्वतःच्या पराक्रमाने मिळवून खाणे. यांपैकी पहाटेचे उठणे आणि लढणे कोणाच्याही नजरेत भरेल. परंतु वाटून घेण्याचा गुण ज्याने टिपला त्याने कोंबड्याकडे बराच वेळ स्वस्थ बसून पाहिले असले पाहिजे. कोंबड्याला एखादा किडा सापडला की तो तत्काळ गिळून टाकील, ही आपली अपेक्षा. प्रत्यक्षात तो किडा चोचीने उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो, मान खालीवर हलवितो, आणि घशातून जलद व तुटक असा एक आवाज लागोपाठ काढू लागतो. तो कानी पडताच इतस्ततः चरणाऱ्या कोंबड्या धावत येतात, आणि हा यजमान पुष्कळदा स्वतः उपाशी राहून आलेल्यांपैकी एखादीला तो घास उचलू देतो.

या हाकेचा शास्त्रीय अभ्यास मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. पक्ष्यांच्या स्वरांचे विख्यात अभ्यासक पीटर मार्लर आणि त्यांचे सहकारी यांना १९८० नंतरच्या दशकात असे आढळले की, खाद्य तेच आणि कोंबडाही तोच असला तरी जवळ कोंबडी असेल तर तो उत्साहाने हाक देतो, आणि जवळ दुसरा कोंबडाच असेल तर बहुधा मुकाट राहतो. अर्थात ही हाक अन्न दिसताच आपोआप फुटणारी आरोळी नव्हे, ती कोण ऐकत आहे हे पाहून दिली जाते. याच मालिकेतील १९८८ चे निरीक्षण तर अधिकच गमतीचे आहे. कोंबडी दूर असली, म्हणजे समोर खरोखर काही खाण्याजोगे आहे की नाही याचा पडताळा तिला बसल्या जागी घेता येत नसला, की कोंबडा काही नसतानाही अशी हाक देण्यास अधिक प्रवृत्त होतो. पुढे सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातील संशोधकांनी कळपातील दुय्यम कोंबड्यांची एक युक्ती उघडकीस आणली: वरिष्ठ कोंबडा जवळपास सावध असला की हे दुय्यम महाशय माना हलविण्याचा सारा अभिनय यथासांग करतात, पण आवाज मात्र काढीत नाहीत, कोंबडीला दिसायचे ते दिसते, वरिष्ठाच्या कानी काही जात नाही, आणि मार टळतो. या वाटून खाण्यात प्रियाराधनाचा हेतू आहे हे उघड आहे, कारण जो कोंबडा अधिक वेळा खाऊ घालतो त्याच्याकडे कोंबड्यांचा कलही अधिक असतो. परंतु हेतू असला म्हणजे दान खोटे ठरते, हा नियम आपण लावू लागलो तर मनुष्यांच्या देणग्यांच्या याद्याही पुन्हा तपासाव्या लागतील.

संकटसमयी दिसणारा विवेक याहून कमी नाही. आकाशात घार घिरट्या घालू लागली असता दिलेला इशारा, आणि कुंपणाच्या फटीतून मुंगूस किंवा बोका आत शिरला असता केलेला गलका, हे दोन स्वर इतके निराळे असतात की घरातल्या माणसालाही स्वयंपाकघरात बसून कोणते संकट आले हे ओळखता यावे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत शत्रूचा मागमूस नसताना केवळ ध्वनिमुद्रित इशारे कोंबड्यांना ऐकविण्यात आले. आकाशातील शत्रूचा इशारा ऐकताच त्या आडोशाकडे धावल्या, दबून बसल्या आणि वर पाहू लागल्या, तर जमिनीवरील शत्रूचा इशारा ऐकताच माना उंच करून चहूकडे न्याहाळू लागल्या. इशारा देणाऱ्याला मात्र त्यात धोका असतो, कारण आवाजाने शत्रूचे लक्ष त्याच्याकडेच वेधले जाण्याचा संभव. म्हणून एकटा कोंबडा घारीची आकृती पाहूनही बहुधा गप्प राहतो, आणि सोबतीला आपले कोणी असले तरच कंठ फोडतो. जर्मनीतील बॉन येथील संशोधकांनी २०२३ मध्ये याच स्वभावाचा उपयोग करून कोंबड्यापुढे आरसा ठेवला. जाळीपलीकडे खरा सोबती दिसत असताना इशारे देणारा कोंबडा आरशातील प्रतिबिंबासमोर बराचसा मूक राहिला. त्यावरून तो स्वतःस ओळखतो असा निर्वाळा देणे घाईचे होईल, परंतु प्रतिबिंबाला तो सोबती मानीत नाही एवढे दिसते.

ही रीतभात खुराड्यात आल्यावर शिकलेली नाही. घरगुती कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा; हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलांत निकोलस आणि एल्सी कोलियास या अमेरिकन दांपत्याने त्याचा मागोवा घेतला व १९६७ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली, आणि पुढे निकोलस यांनी या पक्ष्याच्या सुमारे २४ निरनिराळ्या स्वरांची वर्गवारी केली. आपल्या सह्याद्रीचाही या वंशावळीत थोडा हक्क आहे. आंबोली-कोयनेच्या रानांतून पहाटे ज्याची बांग ऐकू येते त्या करड्या रानकोंबड्याचा रक्तसंबंध घरगुती कोंबडीशी केव्हातरी जुळला असला पाहिजे, कारण पुष्कळ कोंबड्यांच्या पायांना व कातडीला जो पिवळा वर्ण असतो त्याचे जनुक या करड्या जातीकडून आले, असे २००८ मध्ये निष्पन्न झाले.

या समाजाची अंतर्गत घडी प्रथम नीट लक्षात आली ती थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेजियन अभ्यासकाच्या. त्याचा जन्म १८९४ चा. बालवयातच कोंबड्यांच्या संगतीत रमलेल्या या मुलाने कोण कोणाला टोचते आणि कोण निमूटपणे बाजूला होते याकडे लक्ष ठेवण्यास प्रारंभ केला, आणि त्या छंदाची परिणती १९२१ च्या प्रबंधात व पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जर्मन निबंधात झाली. त्याला असे दिसले की, कळपातील प्रत्येक दोन कोंबड्यांमध्ये एकदा काय तो निकाल लागलेला असतो: एक टोचणार, दुसरी टोचून घेणार. हे निकाल एकाखाली एक लावले की बहुधा सरळ उतरंड तयार होते. पण कधीकधी पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला आणि तिसरी पुन्हा पहिलीला टोचते असा फेराही आढळतो, व त्यात कोणाला काही विसंगत वाटत नाही. जगाने या शोधाचा अर्धाच भाग उचलला. कचेऱ्यांतील वरिष्ठ-कनिष्ठ आणि संस्थांतील हेवेदावे यांचे वर्णन करण्यास ही चोचींची उतरंड फार सोयीची पडली, आणि कोंबडीच्या नावावर आणखी एक दुर्गुण चढला. उरलेला अर्धा भाग असा की, उतरंड एकदा ठरली म्हणजे मारामाऱ्या थांबतात. मान वेळावण्याने किंवा एका पावलाने माघार घेण्याने काम भागते, आणि कळपात वडीलकीने वागणारा कोंबडा असला तर कोंबड्यांतील कलह आणखी कमी होतात.

तथापि या व्यवस्थेचा खरा पाया चोच नव्हे, ओळख आहे. निकाल लक्षात राहायचा तर प्रतिपक्षाचा चेहरा, तुरा आणि चाल लक्षात राहिली पाहिजे. प्रत्येक कोंबडी प्रत्येकीला व्यक्ती म्हणून ओळखते म्हणूनच ही उतरंड टिकते. कळपाची संख्या शेकड्यांच्या व हजारांच्या घरात गेली की ही ओळख ठेवणे अशक्य होते, आणि मग कोंबड्या ज्येष्ठ-कनिष्ठ ठरविण्याचा प्रयत्नच सोडून देतात. परक्या जमावात वावरावे तशा एकमेकींना चुकवीत, फारसे न भांडता, अनोळखी राहून दिवस काढतात. कारखानदार या शांततेचा दाखला देतात आणि तो खोटाही नाही. मात्र ती शांतता ज्या परिचयाच्या मोबदल्यात मिळाली त्याचा उल्लेख त्यात नसतो.

ज्येष्ठतेचा हा मान बांग देण्यातही पाळला जातो. जपानमधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांपैकी पहाटेची पहिली बांग नेहमी सर्वश्रेष्ठ कोंबडा देत असे, आणि त्यामागून इतर आपापल्या अनुक्रमाने आरवत. श्रेष्ठाला बाजूला काढले असता तो अधिकार दुसऱ्या क्रमांकाकडे आला. उजाडण्याची वेळ प्रत्येकाच्या शरीरातील घड्याळाला ठाऊक असते, तरी ती जाहीर करण्यापूर्वी प्रत्येकजण आपली पाळी येईतो थांबतो, हे पाहिल्यावर सभासंमेलनांतून कोणाही श्रोत्यास थोडी असूया वाटावी.

परंतु या समाजाचे सर्वांत हृद्य दर्शन घडते ते खुडूक कोंबडीच्या ठायी. अंडी देण्याचे थांबवून ती पंख फुलवून एकाच जागी बसून राहू लागली की घरोघरी तिच्यावर दोनपैकी एक प्रसंग येतो. अंडी उबवून घ्यायची असतील तर डालग्यात भुसा किंवा गवत घालून तिला मानाने बसविले जाते. नको असतील तर पाण्यात बुचकळून किंवा नाकपुडीत पीस खुपसून तिचा खुडूकपणा मोडला जातो. बसविलेली कोंबडी २१ दिवस जवळजवळ अन्नपाणी सोडल्यासारखीच असते. दिवसातून थोडा वेळ उठून दाणापाणी घेते, आणि एरवी चोचीने अंडी फिरवीत राहते. शेवटच्या दोन-तीन दिवसांत अंड्याच्या आतून पिल्ले चिवचिवू लागतात, ती बाहेरून मृदू स्वरात त्यांना उत्तर देते, आणि पिल्ले एकमेकांचेही आवाज कवचातून ऐकतात, त्यामुळे सारी भावंडे थोड्याच अवधीत एकापाठोपाठ बाहेर येतात. म्हणजे मातेशी आणि भावंडांशी परिचय झाल्यावरच पिल्लू जगात पाऊल टाकते. बदकाची अंडीही खुडूक कोंबडीखाली ठेवण्याची चाल अनेक ठिकाणी आहे; ती तेथे एक आठवडा अधिक बसते, आणि पुढे पिल्ले डबक्यात उतरली असता काठावर येरझारा घालीत त्यांना हाका मारते, पण आपली नव्हेत म्हणून टाकून देत नाही.

तिचे शिकविणेही डोळस आहे. ब्रिस्टल विद्यापीठातील क्रिस्टीन निकोल व त्यांच्या सहकाऱ्याने १९९६ मध्ये दाखवून दिले की, जे खाद्य बेचव असल्याचे कोंबडीला अनुभवाने माहीत आहे ते पिल्ले खात आहेत असे तिला वाटले, तर ती चोच टेकवून व हाका मारून योग्य खाद्याकडे त्यांचे लक्ष वेधण्याचा प्रयत्न वाढविते. चूक पाहून पाठ पुन्हा देणारी ही शिक्षिका आहे. त्याच विद्यापीठातील जोआन एडगर व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पिल्लांवर हवेचा हलकासा झोत सोडण्यात आला; समोरून पाहणाऱ्या कोंबडीला स्वतःला काही झालेले नसताना तिच्या हृदयाचे ठोके वाढले, ती अधिक सावध झाली आणि पिल्लांना बोलावू लागली. पिल्लेही या स्नेहास अपात्र नसतात. इटलीतील पादुआ येथील प्रयोगशाळेत अवघ्या काही दिवसांच्या पिल्लांना छोट्या चेंडूंच्या सोबतीत वाढविण्यात आले, त्यामुळे ते चेंडूच त्यांचे भाऊबंद झाले. मग ते एकेक करून दोन पडद्यांआड नेले आणि काही इकडून तिकडे हलविले, तेव्हा पिल्ले हिशेब ठेवून ज्या पडद्यामागे अधिक चेंडू होते तिकडे गेली. २००९ चा हा प्रयोग पिल्लांना बेरीज-वजाबाकी येते म्हणून गाजला. मला त्यात मोठे वाटते ते हे की, बेरीज त्यांनी दाण्यांसाठी केली नाही, सोबतीसाठी केली.

आणि दुपारच्या वेळी परसात पाहावे. एखादी कोंबडी कोरड्या मातीत खळगा करून आडवी होते, पंखांनी धूळ अंगावर उडविते, कूस बदलते. थोड्याच वेळात दुसरी शेजारी येते, मग तिसरी, आणि एरवी टोचाटोची करणाऱ्या साऱ्याजणी एकमेकींना खेटून धुळीत लोळत पडतात. या धूळस्नानाने पिसांवरील जुने तेल शोषले जाते, तेव्हा त्याला आरोग्याचे कारण आहेच. पण ते शक्यतो मंडळींसमवेत उरकावयाचे, हा शिरस्ता आहे. सायंकाळी दांड्यावर कोणाशेजारी कोण बसणार यावरून थोडी रेटारेटी होते, आणि अंधार पडण्यापूर्वी जो तो आपल्या ठिकाणी स्थिर होतो.

आता कोणी म्हणेल, हे सारे मानवी भावनांचे आरोपण आहे. आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याची जाणीव ठेवूनच बोलले पाहिजे. कोंबड्यांचा समाज हा रामराज्याचा नमुना नव्हे: जखमी सोबतिणीच्या रक्ताळलेल्या जागेवर इतर कोंबड्या चोची मारतात, नवख्या पक्ष्याला हैराण करतात, आणि आजाऱ्याला उतरंडीच्या तळाशी ढकलतात. माझ्या मतास त्यांच्या सद्गुणांची गरजही नाही. समाज चांगला असो वा वाईट, तो त्यांना हवा असतो आणि त्यावाचून त्यांचे चालत नाही, एवढे सिद्ध झाले तरी पुरे. तसेच, ज्यांनी या पक्ष्यांना सर्वांत जवळून ओळखले ते बहुतेक सारे त्यांना खाणारेच आहेत. कोकणात ग्रामरक्षकाला राखणीचा कोंबडा देणारा शेतकरी तो कोंबडा कोणत्या कोंबडीचा, कोणत्या पावसाळ्यातला आणि स्वभावाने कसा, हे नेमके सांगू शकतो. त्याच्या सुरीविषयी मतभेद असू शकेल. परंतु ज्या जीवाचे आयुष्य त्याने संपविले ते आयुष्य त्या जीवाला जगावयास मिळालेले असते.

पिंजऱ्यातील अंड्याच्या कोंबडीला ते मिळत नाही. तारेच्या जाळीवर, टंकलेखनाच्या एका कागदाहूनही लहान जागेत ती आपले उत्पादक आयुष्य काढते. तेथे कोपरा नाही, माती नाही, दांडा नाही. तरीही मन जागे राहते, याचा पुरावा हृदयद्रावक आहे: मातीचा कणही नसताना अशी कोंबडी उघड्या तारेवर आडवी होऊन धूळस्नानाच्या साऱ्या हालचाली करते, आणि अंडे घालण्याची वेळ जवळ आली की नसलेल्या घरट्याच्या शोधात अस्वस्थपणे फिरू पाहते. जमीन उकरण्याची वृत्ती तिथे शेजारणीच्या पिसांवर चालते, आणि त्यावर इलाज म्हणून चोचीच कापल्या जातात. युरोपीय संघाने १९९९ मध्ये कायदा करून २०१२ च्या प्रारंभापासून असे उघडेबोडके पिंजरे बंद केले. आपल्याकडे भारतीय विधी आयोगाने २०१७ मध्ये आपल्या २६९ व्या अहवालात कोंबड्यांच्या निवासाचा व वाहतुकीचा प्रश्न सविस्तर हाती घेतला. परंतु चर्चा दरडोई चौरस सेंटिमीटरांभोवतीच घोटाळत राहते, जणू काही शंभर चौरस सेंटिमीटर वाढविले की घरटे आपोआप उगवणार आहे. स्वस्त अंडे हे गरिबाच्या ताटातील मोलाचे अन्न आहे, आणि ते महाग करणारा कोणताही उपदेश पोट भरलेल्यांचा म्हणून संशयास्पद ठरतो, हे मला मान्य आहे. म्हणूनच मुदत घालून, टप्प्याटप्प्याने आणि सरकारी साहाय्याने हे पिंजरे जावेत असे मी म्हणतो. आणि त्यांच्या जागी येणाऱ्या व्यवस्थेची परीक्षा मोजपट्टीने न करता तीत घरटे, दांडा आणि माती आहे की नाही या तीन प्रश्नांनी करावी.

शेतकऱ्याच्या परसाचा प्रश्न याहून सोपा आहे, आणि तेथे उत्तरही हाताशी आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील सुमारे ८५ कोटी कोंबड्या व तत्सम पक्ष्यांपैकी ३१ कोटींहून अधिक परसातले होते, आणि मागील गणनेच्या तुलनेने परसातील संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. तेव्हा परसातील कोंबडी ही लोप पावत चाललेली हौस आहे, या समजुतीला आधार नाही. महाराष्ट्रात पशुसंवर्धन खात्यामार्फत २५ तलंगा व ३ नर यांचा गट, किंवा एकदिवसीय १०० पिल्ले अनुदानाने देण्याच्या योजना चालत आल्या आहेत. हेतू स्तुत्य, पक्षी सुधारित, कागदपत्रे चोख; उणीव एकच, की या तजविजीत आई नाही. यंत्रात उबवलेली पिल्ले दिव्याच्या उबेवर जगतात, पण घारीचा इशारा म्हणजे काय, काय खावे, केव्हा दडावे, अंधार पडण्यापूर्वी कोठे चढून बसावे, हे दिवा सांगत नाही. मग पहिल्याच महिन्यात त्यांतील किती घार, मुंगूस व मांजरे यांच्या मुखी पडतात, हे कोणत्याही गावातील बाई सांगेल. शिवाय सुधारित जातींतून खुडूकपणा निवडपैदाशीने हेतुपुरस्सर कमी केला आहे, कारण बसलेली कोंबडी अंडी देत नाही. त्यामुळे एक पिढी संपली की शेतकऱ्याला पुन्हा खात्याच्या दारी अर्ज घेऊन उभे राहावे लागते.

यावर शेतकरी स्त्रियांनी केव्हाच तोड काढलेली आहे. सुधारित जातीची अंडी त्या गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवतात, किंवा बसलेल्या कोंबडीच्या पंखाखाली रात्रीच्या अंधारात एकदिवसीय पिल्ले सरकवितात. सकाळी ती त्यांना आपलीच मानून उकिरड्यावर घेऊन जाते. या ज्ञानाला सरकारी मान्यता मिळावी. एक कोंबडी दहा-बारा पिल्लांहून अधिक सांभाळू शकत नाही, तेव्हा शंभरांचा गट एकदम देण्याऐवजी लहान गट द्यावेत. गावठी कोंबडीपासून पिल्लांना मानमोडीचा संसर्ग होण्याची भीती खरी आहे; म्हणून आधी गावातील खुडूक कोंबड्यांना लस टोचावी आणि मग पिल्ले द्यावीत. तलंगांचा तयार गट दिला तर लाभार्थ्याला निदान एवढी ताकीद असावी की, नव्या पक्ष्यांना जुन्यांत एकदम सोडू नये. काही दिवस जाळीआड ठेवून एकमेकांची ओळख होऊ द्यावी, आणि परसात एक कोपरा कोरड्या मातीचा व एक दांडा उंचावर असावा. शहरात हौसेने एकच कोंबडी आणून तिला गॅलरीत ठेवणाऱ्यांनाही हीच सूचना लागू आहे: दोन-तीन पाळता येत नसतील तर एकही पाळू नये.

या मागण्यांना मोठा निधी लागत नाही आणि त्यासाठी नवे खातेही काढावे लागणार नाही. गावठी कोंबडीचा खुडूकपणा हा दोष समजून तो मोडण्यात आपण अनेक दशके घालविली. यापुढे पैदास केंद्रांनी तो गुण म्हणून जपावा, आणि अनुदानित गटांच्या अटींत एक कलम वाढवावे की, ज्या परसात पिल्ले द्यावयाची तेथे त्यांना सांभाळणारी कोंबडी आहे की नाही याची खात्री पशुधन अधिकाऱ्याने आधी करून घ्यावी, आणि नसल्यास पिल्लांसोबत तीही द्यावी.